भंगारातले बॉनेट

‘कौशल्य’ हा शब्द गेली काही वर्षे मराठी विभागांच्या दाराशी येऊन उभा आहे. आम्ही त्याला घरात घेतले खरे, पण बसायला पाट काही दिला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. त्याच्या अंमलबजावणीत पदवीच्या आराखड्यात ‘व्यावसायिक कौशल्य’, ‘कौशल्यवृद्धी’, ‘प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण’ अशा रकान्यांची भर पडली आणि भाषा-साहित्याच्या विभागांनी त्या रकान्यांत मुद्रितशोधन, संपादन, अनुवाद, जाहिरातलेखन असे विषय भरले. या विषयांना आमचा विरोध नाही. उलट ते फार पूर्वीच यायला हवे होते असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखातील तक्रार वेगळी आहे आणि ती प्रथम आमच्या स्वतःविरुद्ध आहे.

आम्ही दोघे एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. मुद्रितशोधनाचा अभ्यासक्रम आम्हीच आखला आणि आम्हीच शिकवला. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात पडद्यावर खुणांचा तक्ता दाखवला : अक्षर गाळा, जागा सोडा, ओळ जोडा, परिच्छेद पाडा. लेखननियम सांगितले. परीक्षेत ‘मुद्रितशोधनाच्या खुणा सांगून त्यांचे महत्त्व विशद करा’ असा प्रश्न घातला. निकाल उत्तम लागला. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या एका मुलीला पुढे एका प्रकाशकाकडे काम मिळाले. सोळा पानांचा एक फर्मा तिच्या हाती दिला गेला. तिने तो दिवसभर वाचला, परत दिला, आणि तिच्यानंतर वाचणाऱ्या जुन्या शोधकाला त्यात तीसहून अधिक चुका सापडल्या. चौथ्या दिवशी तिचे काम सुटले. आमच्याकडे आली तेव्हा ती रडत नव्हती, चकित झालेली होती. “मॅडम, खुणा सगळ्या पाठ होत्या. चुकाच दिसल्या नाहीत,” असे ती म्हणाली.

या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. चूक दिसल्यावर काय करावे हे आम्ही शिकवले होते. चूक दिसावी कशी हे शिकवलेच नव्हते. ते शिकवता येते, असेही तोवर आम्हांस वाटत नव्हते. ‘नजर असावी लागते’ असे म्हणून शिक्षक मंडळी ज्या गोष्टी देवावर सोपवतात, त्यांतलीच ही एक.

त्याच सुमारास आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा निरोप आला. हा मुलगा एम.ए. होऊन दोन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत होता. नंतर कंटाळून तो भोसरीकडच्या एका शेडमध्ये मोटारींचे डिटेलिंग शिकू लागला. डिटेलिंग म्हणजे निव्वळ गाडी धुणे नव्हे. रंगाच्या सर्वांत वरच्या थराची निगा राखणे, त्यातील बारीक ओरखडे काढणे, आतील बैठका आणि गालिचे स्वच्छ करणे, आणि शेवटी मेणाचा किंवा सिरॅमिकचा संरक्षक लेप देणे, असे ते काम. “सर, तुमच्या सिलॅबसमध्ये कौशल्य हा शब्द किती वेळा आलाय ते मी मोजलंय. एकदा इथं येऊन बसा,” असा त्याचा निरोप होता. त्यातला टोमणा आम्ही ओळखला आणि सुट्टीत चार दिवस जाऊन बसलो.

वर्गात सहा जण होते. दोघे डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजातून आलेले, एक गॅरेजमालकाचा मुलगा, एक अभियंता, एक आमचा विद्यार्थी, आणि एक तरुण असा, की जो पहाटे पाचपासून एका सोसायटीतल्या वीसेक गाड्या बादली-फडक्याने पुसून मग इथे येत असे. शिकवणाऱ्यांना सगळे ‘दादा’ म्हणत. आम्हीही दादाच म्हणू लागलो. ते आम्हांला ‘सर’, ‘मॅडम’ म्हणत राहिले. या संबोधनांतला उतार आमच्या ध्यानात आला, पण त्याविषयी पुढे.

पहिल्या दिवशी यंत्राला कोणी हात लावला नाही. शेडमध्ये काळ्या रंगाची एक जुनी गाडी उभी होती. दादांनी प्रत्येकाला दारापाशी उभे करून विचारले, काय दिसते? ट्यूबलाइटच्या उजेडात दार चकाकत होते आणि सगळ्यांनी तसे सांगितले. मग त्यांनी ट्यूब मालवली आणि एक छोटा, प्रखर हातदिवा दारावर तिरपा धरला. क्षणात कोळ्याचे जाळे उमटावे तसे हजारो बारीक ओरखडे दिव्याभोवती गोलाकार उमटले. या धंद्यात त्यांना ‘स्वर्ल’ म्हणतात. “हे धुळीनं झालेलं नाही. धूळ पुसताना झालंय,” दादा म्हणाले. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात; कोरड्या फडक्याखाली सापडलेला कण रंगावरच्या पारदर्शक थरावर रेघ ओढत जातो. म्हणून धुण्यासाठी बादल्या दोन : एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे, तळाशी जाळी. हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा, म्हणजे निघालेले कण तळाला बसतात आणि गाडीवर परत जात नाहीत. धुण्याची दिशा वरून खाली, कारण सर्वांत जास्त रेती खालच्या भागावर असते.

इथे अभियंत्याने एक प्रश्न विचारला. फडके सगळेच काही गोल फिरवत नाहीत; मग ओरखडे गोल का दिसतात? दादांनी उत्तर न देता दिवा हलवला. दिव्याबरोबर वर्तुळेही सरकली. ओरखडे सर्व दिशांना असतात. परंतु दिव्याच्या प्रकाशाला आडवे पडणारे तेवढेच चमकतात आणि त्यांचे मिळून वर्तुळ भासते. आमच्या वर्गात याच गोष्टीसाठी आम्ही ‘वाचकाची दृष्टी आणि संहिता’ अशा शीर्षकाची दोन व्याख्याने खर्च करतो. ज्याच्या हातात दिवा होता त्या मुलाला ते दोन मिनिटांत कळले. दिसलेल्या आकारापैकी किती वस्तूचा आणि किती दिव्याचा, असा तो प्रश्न होता, आणि दिवा हलवून पाहणे हे त्याचे उत्तर.

दुपारी बोटांचा वर्ग झाला. धुतलेल्या पृष्ठभागावर उघड्या हाताला काही लागत नाही. तोच हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवला की चिकटलेले धातूचे कण, रंगाचे तुषार, झाडाचा चीक यांची खरखर लगेच जाणवते. मग ओलावा देणारा फवारा मारून एका खास मातीच्या गोळ्याने ते कण उचलायचे. गोळा जमिनीवर पडला तर टाकून द्यायचा, पुन्हा वापरायचा नाही. गॅरेजातून आलेल्या एकाच्या हातून तो पडला. त्याने सवयीने उचलून पँटला पुसला. दादा काही बोलले नाहीत. तो गोळा त्यांनी घेतला, एका भंगार पत्र्यावर एकदाच फिरवला आणि दिवा धरला. त्या मुलाने गोळा स्वतःच कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी ते बॉनेट आले. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे.

मोटारीचा रंग हा एक थर नसतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला धंद्यात ‘क्लिअर’ म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यांत क्लिअर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. पॉलिश केल्याने ओरखडा भरून येत नाही; आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. म्हणजे प्रत्येक पॉलिशमध्ये गाडी थोडी थोडी संपत असते. जास्त घासले की क्लिअर संपते, पॅडवर गाडीचा रंग येतो, आणि मग पुन्हा रंगकामाशिवाय उपाय उरत नाही. कडा सर्वांत धोक्याच्या, कारण तिथे थर पातळ आणि दाब एकवटलेला. म्हणून त्यांवर आधी मास्किंग टेप लावायची. प्लास्टिकचा बंपर पत्र्यापेक्षा लवकर करपतो, कारण प्लास्टिक उष्णता दूर वाहून नेत नाही.

हे सगळे दादांनी दहा मिनिटांत सांगितले. आम्ही वहीत टिपून घेतले, आणि एवढ्यावर आम्ही नक्की शंभरपैकी सत्तर गुण दिले असते. मग त्यांनी भंगारातून आणलेले एक लाल बॉनेट स्टँडवर चढवले आणि प्रत्येकाला सांगितले : “जाळा.”

जाळा म्हणजे मुद्दाम बिघडवा. एकाच जागी यंत्र धरून ठेवा, कडेवर दाब द्या, पॅडवर लाल रंग येईपर्यंत थांबू नका. जळण्याच्या आधी आवाज कसा बदलतो ते ऐका. पंजाची मागची बाजू लावून पत्रा किती तापला ते बघा. वास घ्या. दुहेरी गतीच्या यंत्राच्या तबकडीच्या कडेला काळ्या पेनाने एक रेघ मारलेली होती. दाब वाढला की तबकडी नुसती थरथरते, फिरत नाही, हे ती रेघ स्थिर दिसू लागल्यावर कळते. सहा जणांनी आपापल्या चौकोनात बॉनेट जाळले. आम्ही दोघांनीही जाळले. आमच्यापैकी एकाचे कडेवर चार-पाच सेकंदांतच जळले, आणि तोवर वहीत लिहिलेल्या ‘कडा धोक्याच्या’ या शब्दांना मनगटात जागा मिळाली.

पुढचे दोन दिवस कोणाच्याही हातून खऱ्या गाडीवरचे क्लिअर गेले नाही. आवाज बदलला की हात आपोआप उचलला जात होता.

गिल्बर्ट राइलने १९४९ साली ‘द कॉन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये ‘अमुक आहे हे ठाऊक असणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे ठाऊक असणे’ यांत फरक केला. पुढे मायकेल पोलान्यीने ‘द टॅसिट डायमेन्शन’मध्ये (१९६६) शब्दांत न सांगता येणाऱ्या ज्ञानाची मांडणी केली. ही नावे आम्ही परिसंवादांत सढळपणे वापरतो. पण त्यांच्यावरून आम्ही काढलेला निष्कर्ष सोयीचा होता : जे सांगता येत नाही ते शिकवता येत नाही, सबब आमची जबाबदारी संपली. भोसरीच्या शेडमध्ये हा निष्कर्ष खोटा ठरला. दादांनी जळण्याच्या आवाजाचे वर्णन केले नाही. तो आवाज निर्भयपणे निर्माण करता येईल अशी एक वस्तू मात्र समोर आणून ठेवली. प्रत्यक्ष शिक्षणाचे मर्म आम्हांस यात दिसते. शिकवणाऱ्याचे काम सांगण्याइतकेच बिघडवण्याची हक्काची जागा उभी करण्याचे असते. ‘करा म्हणजे येईल’ एवढे म्हणून सोडून देणे हे शिक्षण नव्हे. तसे तर गॅरेजात मुले वर्षानुवर्षे करीतच असतात, आणि गिऱ्हाइकाची गाडी जाळून शिकतात. वर्गात चार गोष्टी जास्त होत्या : बिघडले तरी चालेल अशी वस्तू, दोष दाखवणारा दिवा, हात पाहणारा माणूस, आणि क्रम.

क्रमाविषयी थोडे अधिक. दादांच्या वर्गात धुणे आधी, पॉलिश नंतर. पॉलिशमध्येही आधी सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य द्रव्य एका लहान चौकोनावर वापरून पाहायचे. त्याने भागले नाही तरच एक पायरी कडक. जीन लेव्ह या मानवशास्त्रज्ञ बाईंनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात शिंप्यांच्या उमेदवारीचा अभ्यास केला होता. एतिएन वेंगर यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या ‘सिच्युएटेड लर्निंग’ (१९९१) या पुस्तकात त्याचा तपशील आहे. तेथील उमेदवार कपडा बेतण्यापासून सुरुवात करीत नाहीत. आधी बटणे, काठ, इस्त्री, मग शिवण, आणि सर्वांत शेवटी कापणे. कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या उलट क्रमाने तो शिकला जातो, कारण शेवटच्या कामातली चूक उसवता येते, पहिल्या कामातली चूक कापड वाया घालवते. आता आमच्या विभागांकडे पाहा. पहिल्याच सत्रात ‘सर्जनशील लेखन’, म्हणजे कापणे. आणि बटणे लावण्याचा, म्हणजे दुसऱ्याचे लेखन अक्षरशः वाचून दुरुस्त करण्याचा विषय ऐच्छिक.

साहित्याच्या शिक्षणाला भंगारातले बॉनेट कधी नव्हतेच, असे मात्र नाही. आय. ए. रिचर्ड्‌सने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या, त्यांचे अभिप्राय लिहून घेतले, आणि ते फसलेले, भरकटलेले, भाबडे अभिप्राय समोर ठेवून वाचनात चुका कशा होतात याची चिकित्सा केली. ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) हे पुस्तक त्यातून झाले. त्या पद्धतीचे पुढे काय झाले हे आपण सारे जाणतो. आपल्याकडे ती ‘रसग्रहण’ नावाचा आठ गुणांचा प्रश्न होऊन आली. कविता तीच, कवी तोच, उत्तर मार्गदर्शकात छापलेले. डिटेलिंगमध्येही यासारखा एक प्रकार आहे. काही द्रव्ये ओरखडा काढत नाहीत, तो तात्पुरता बुजवतात. गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसते आणि दोन-चार धुण्यांत जाळे परत उमटते. म्हणून प्रामाणिक कारागीर पॉलिशनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसतो आणि मगच दिवा धरतो. परीक्षेनंतर आमच्या विद्यार्थ्यांच्या ज्ञानावर असे अल्कोहोल फिरवायची सोय नाही. ती प्रकाशकाच्या कचेरीत होते, आणि त्याची किंमत त्या मुलीला मोजावी लागते.

या मांडणीवर दोन आक्षेप येतील. ते आमच्याही मनात आले होते.

पहिला असा, की गाडीला मायक्रॉन मोजणारे यंत्र आहे, कवितेला नाही. कारागिरी आणि साहित्य यांची तुलनाच गैर. यंत्र आहे हे खरे. पण ते यंत्र थर किती उरला तेवढेच सांगते, कुठे थांबावे ते सांगत नाही. तिसऱ्या दिवशी एका दारावर खोल ओरखडा होता आणि यंत्रावर तिथे आकडा कमी येत होता. गॅरेजमालकाच्या मुलाला तो ओरखडा पूर्ण काढायचा होता. दादांनी त्याला पाऊण काढून थांबवले. “गिऱ्हाइकाला सांगायचं, एवढा ठेवलाय. का ठेवलाय तेही सांगायचं.” संपादनाची ही याहून चांगली व्याख्या आम्ही वर्गात कधी दिलेली नाही. लेखकाची खरड इतकी घासायची नाही की त्याच्या भाषेचा मूळ रंग पॅडवर यावा. ग्रामीण किंवा दलित लेखकांच्या गद्यावर प्रमाणभाषेचे पॅड फिरवून कडा जाळल्याची उदाहरणे वाचकांना आठवत असतील. सौम्यापासून सुरुवात करण्याची शिस्त संपादकाला कोणी लावली असती तर ती टळली असती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्यक्ष शिक्षणाचे गोडवे गाताना आपण उस्तादगिरीचे गोडवे तर गात नाही ना? परंपरेने हातचे ज्ञान राखून ठेवले जात आले आहे. गॅरेजातला पोऱ्या तीन-तीन वर्षे पाने उचलतो आणि यंत्राला हात लावण्याची परवानगी उस्तादाच्या लहरीवर असते. बलुतेदारीत तर हातचे ज्ञान जातीला बांधलेले होते. ते शिकण्याची मुभा नव्हती आणि सोडण्याचीही नव्हती. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि म्हणूनच दादांच्या वर्गातली एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. भिंतीवर थरांचा तक्ता होता. प्रत्येक द्रव्याच्या बाटलीवरचे लिखाण वाचून घेतले जाई. कोणत्या गाडीवर कोणते पॅड, किती फेऱ्या, आधी-नंतरचे आकडे, असे सगळे एका वहीत लिहिले जात होते. लिहिलेले ज्ञान तिथे हातच्या ज्ञानाचे वैरी नव्हते; ते उस्तादाची लहर मोडण्याचे साधन होते. ज्याला वही वाचता येते त्याला उस्तादाच्या मेहेरबानीची गरज कमी पडते. लेखी आणि हाती यांतले एकच निवडा, असे आमचे म्हणणे नाही. दोन्ही हवीत, आणि एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावाने देऊ नये.

अमेरिकेतील ‘इंटरनॅशनल डिटेलिंग असोसिएशन’ या व्यावसायिक संघटनेने प्रमाणपत्राचे दोन टप्पे केले आहेत. लेखी चाचण्या उत्तीर्ण होणाऱ्याला ‘सर्टिफाइड डिटेलर’ म्हणतात. त्यानंतर परीक्षकासमोर प्रत्यक्ष काम करून दाखवणाऱ्याच्या नावापुढे ‘स्किल्स व्हॅलिडेटेड’ ही जोड लागते. या विभागणीत एक सचोटी आहे. आमच्या गुणपत्रिकेवर परीक्षा पहिल्या जातीची आणि नाव दुसऱ्या जातीचे असते. लेखी प्रश्नाला उत्तर दिलेल्या मुलीच्या हाती आम्ही ‘कौशल्य’ असे छापलेला कागद ठेवला. तिची फसगत झाली ती तिथे.

आता त्या संबोधनांविषयी. चार दिवस दादा आम्हांला ‘सर-मॅडम’ म्हणत होते, खुर्च्या देत होते, चहा आधी आम्हांला देत होते. आणि शिकत मात्र आम्ही होतो. शेवटच्या दिवशी आम्ही त्या सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या तरुणाशी बोललो. त्याने फी हप्त्याने भरली होती. तो म्हणाला, “पाच वर्षं मी लोकांच्या गाड्यांवर ओरखडे पाडत होतो, आणि लोक म्हणायचे, पोरगा चांगला पुसतो.” एकच बादली आणि कोरडे फडके त्याला सोसायटीने दिले होते. चूक त्याच्या हाताची मानली गेली असती. दुसरी बादली न देणाऱ्याची नव्हे. हातकाम करणाऱ्याला ज्ञान लागते हेच ज्या समाजाला पटत नाही, तो त्याला साधन देत नाही, शिक्षण देत नाही, आणि काम बिघडले की स्वभावाला दोष देतो.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षकांविषयी एक अपेक्षा नोंदवली होती. हे शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, आणि प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराची वाकस हाती धरायला त्यांना लाज वाटू नये. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उत्पादक हस्तव्यवसायाला शिक्षणाचे केंद्र करण्याची योजना मांडली. दोन्ही गोष्टी महाराष्ट्राच्या भूमीतल्या, दोन्ही आम्ही ‘वैचारिक साहित्य’ या शीर्षकाखाली शिकवतो, आणि दोन्हींवर दीर्घोत्तरी प्रश्न घालतो. वाकस धरण्याची वेळ आमच्यावर येत नाही, याची काळजी अभ्यासक्रमानेच घेतलेली आहे.

मग करावे काय? आमच्यापुरते आम्ही काही ठरवले आहे. मुद्रितशोधनाच्या तासाला पहिले पाच आठवडे पडदा लावायचा नाही. महाविद्यालयाच्या नियतकालिकाची जुनी, न तपासलेली टंकलिखिते आमच्याकडे पडून आहेत. तेच आमचे भंगार. त्यांतल्या चुका आम्ही आधी मोजून ठेवतो. विद्यार्थी ते वाचतात. किती सापडल्या आणि कोणत्या जातीच्या निसटल्या हे त्यांच्याच वहीत लिहिले जाते. मग दिवा बदलायचा : ओळीखाली पट्टी धरून वाचायचे, शेवटच्या शब्दापासून उलटे वाचायचे, एकाने मूळ प्रत मोठ्याने म्हणायची आणि दुसऱ्याने मुद्रित पाहायचे. छापखान्यांत जोडीने वाचण्याची ही रीत जुनी आहे. आम्ही ती फक्त वर्गात आणली. खुणांचा तक्ता सहाव्या आठवड्यात येतो, तोवर विद्यार्थ्यांना त्याची गरज भासू लागलेली असते.

परंतु हे साठांच्या वर्गात होत नाही, हे आम्ही प्रयोगाअंती सांगतो. साठ हात एका जोडी डोळ्यांना पाहता येत नाहीत. विज्ञानशाखेला प्रात्यक्षिकासाठी तुकड्या पाडून मिळतात, कारण तिथे आम्ल सांडते आणि काच फुटते. भाषेच्या वर्गात काही फुटत नाही असे धोरणकर्त्यांना वाटते, आणि खेदाची गोष्ट अशी की भाषेच्या प्राध्यापकांनाही तसेच वाटते. ज्या अभ्यासक्रमाच्या नावात ‘कौशल्य’ आहे त्याला प्रात्यक्षिकाच्या तुकड्या, त्यांचे तास आणि प्रत्यक्ष कामाची परीक्षा मिळालीच पाहिजे. अभ्यासमंडळांवर असलेल्या मित्रांनी ही मागणी लावून धरावी. ती मान्य होणार नसेल, तर ‘कौशल्य’ हे नाव तरी आपणहून काढून टाकावे. निदान विद्यार्थ्यांची फसवणूक थांबेल.

प्रकाशकाकडून परत आलेली ती मुलगी सध्या दर शनिवारी विभागात येऊन बसते. पहिल्या शनिवारी बत्तीस चुकांपैकी तिला अकरा सापडल्या होत्या. परवा सव्वीस सापडल्या. उरलेल्या सहांपैकी चार जोडाक्षरांतल्या होत्या, हे तिनेच आपल्या वहीत लिहिले आणि पुढच्या खेपेला आधी जोडाक्षरांसाठी एक वाचन वेगळे करीन असे म्हणाली. तिच्यानंतर तेच पान आम्ही वाचले. आमच्याही दोन सुटल्या.